चौदा चष्मे

दुपारी अडीच ते चार या वेळात चष्म्याच्या दुकानात सहसा कोणी फिरकत नाही. त्या दिवशीही दुकानदार काउंटरमागे बसून एका जुन्या फ्रेमचा सैल स्क्रू आवळत होता. तेवढ्यात दार ढकलून त्याची मोठी बहीण आत आली. तिने पर्स काउंटरवर ठेवली, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत ऐसपैस बसली आणि म्हणाली, "धाकट्या, मला नेमबाजीचा चष्मा दाखव."

"कोणासाठी?"

"'मला' म्हटलं ना. माझ्यासाठी."

बहिणीचं वय त्रेपन्न. डावा डोळा काचेचा, वयाच्या दहाव्या वर्षापासून. धंद्याने ती घड्याळजी. दोन गल्ल्या सोडून तिचं छोटंसं दुकान होतं आणि वरच्या मजल्यावर ती एकटीच राहायची. "या कामाला एकच डोळा लागतो, दुसरा उगाच मध्ये मध्ये करतो," असं ती नव्या गिऱ्हाइकाला आपणहूनच सांगून टाकायची, म्हणजे मग तो बिचारा नजर चुकवत बसत नसे.

झालं होतं ते असं. गावाच्या कडेला एका जुन्या गोदामात नेमबाजीचा क्लब होता. तिथे लक्ष्याचा कागद पुढेमागे नेणारी साखळीची यंत्रं होती, त्यातली दोन अडकली. क्लब चालवणारा माणूस पूर्वी सैन्यात होता, त्याला सगळे कप्तान म्हणत. त्याने दोन-तीन मेकॅनिकांपुढे हात टेकले आणि शेवटी कोणीतरी सांगितलं म्हणून तो घड्याळजी बाईंकडे आला. बाईंनी दोन दिवसांत दोन्ही यंत्रं चालती करून दिली. निघता निघता तिने विचारलं, "ही रायफल जड असते का हो?" कप्तानाने एअर रायफल तिच्या हातात दिली. तिने पाच छर्रे मारले आणि पाचांपैकी तीन काळ्या वर्तुळात गेले.

"नव्या माणसाला एक डोळा कसा मिटायचा ते शिकवण्यातच माझा आठवडा जातो," कप्तान म्हणाला होता. "तुमचा तो आठवडा वाचला."

त्यानंतर तिला तिथे जावंसं वाटू लागलं. कप्तानाची हरकत नव्हती, पण एक अट होती. छर्रा शिशाचा असतो, मागच्या लोखंडी पत्र्यावर वेडावाकडा आदळला तर एखादे वेळी उलटा येतो. त्यामुळे रेषेवर उभं राहणाऱ्या प्रत्येकाला चष्मा लागतोच. "पण बाकीच्यांना चालतो तो तुम्हाला चालणार नाही. तुमच्या भावाचंच दुकान आहे ना? त्याच्याकडून खात्रीचा आणा," असं त्याने बजावलं होतं.

हे सगळं ऐकून घेतल्यावर चष्मेवाल्याने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"नाही," तो म्हणाला.

"दुकानात नाही, का मला नाही?"

"तुला नाही. ताई, तुझा एकच तर..."

"एकच आहे. मला मोजता येतं. दोन असते तर तशीच गेले असते, चष्मा कशाला मागितला असता?"

तो डोळा गेला तेव्हा चष्मेवाला आठ वर्षांचा होता, ताई दहाची. मोडक्या छत्रीच्या तारेचा बाण आणि वेताचं धनुष्य घेऊन ती दोघं मागच्या अंगणात खेळत होती. बाण त्याच्या हातून सुटला आणि ताई मध्ये आली. वडिलांनी त्याला त्या दिवशी जे मारलं ते मारलं, त्यानंतर घरात त्या विषयावर कोणी चकार शब्द काढला नाही. पुढची कित्येक वर्षं घरात छत्री हा शब्दसुद्धा जपून वापरत. बाहेर आभाळ भरून आलेलं असलं की आई नुसतं "ते घेऊन जा" म्हणायची.

मोठेपणी तो चष्म्याच्या धंद्यात पडला तेव्हा लोकांनी त्याचा अर्थ आपापल्या परीने लावला. त्याला विचारलं तर तो सांगे, चष्म्याच्या दुकानात माणूस हवा होता आणि मला काम हवं होतं. हे खरंही होतं. पण ताईने आजवर तिच्या वाचायच्या चष्म्याचा नंबर त्याच्याकडून कधी काढून घेतला नव्हता. ती पलीकडच्या रस्त्यावरच्या दुकानात जायची. त्या दुकानदारानेच हे त्याला एकदा सांगितलं होतं. चष्मेवाल्याने ते ऐकून घेतलं आणि मनात ठेवलं.

आता ती समोर येऊन बसली होती आणि उठायचं चिन्ह दिसत नव्हतं. त्याने मागच्या कपाटातून ट्रे काढला. धंद्याची सवय अशी की तोंड आपोआप चालू लागलं. हा पिवळ्या काचेचा, अंधूक उजेडात कागदावरचं काळं वर्तुळ उठून दिसतं. हा करडा, बाहेरच्या उन्हासाठी. हा पांढरा, आतल्या हॉलमध्ये हाच बरा. काच म्हणायची, पण खरी काच नाही, पॉलिकार्बोनेट. फुटत नाही. बाजूने गुंडाळी घेतलेली आहे, म्हणजे कडेनेही काही आत येत नाही. क्लबमध्ये बहुतेक सगळ्यांकडे हाच आहे.

ताईने पर्समधून तिचं भिंग काढलं, उजव्या डोळ्याला लावलं आणि पांढरा चष्मा हातात घेऊन दिव्याखाली फिरवला. घड्याळाचं मागचं झाकण उघडल्यावर बघायची तसं ती बघत होती. घाई नाही.

"ही काडी जिथं बसवलीय तिथं बघ. स्क्रूच्या भोकापाशी."

त्याने बघितलं. केसाएवढी चीर होती.

"न फुटणाऱ्या वस्तूला चीर कशी पडते?" ताईने विचारलं. तिने काचेच्या कोपऱ्यातला, चाचणीत टिकल्याचा छोटासा शिक्का नखाने खरवडला. शिक्का निघून नखाला चिकटला. ते नुसतं लेबल होतं. मग तिने ट्रेमधला सर्वांत महागडा चष्मा उचलला. कोणी घेत नाही म्हणून तो तीन वर्षं तसाच पडून होता. त्याचा शिक्का काचेतच कोरलेला होता, नखाने हलला नाही.

"हे लेबलवाले किती विकलेस?"

"क्लबच्या लोकांना? दीड वर्षात तेरा. नाही, चौदा."

"कशाने मारून बघितलं होतंस?"

"मी कशाला मारून बघू? ते कंपनी बघते."

"मी घड्याळ दुरुस्त केलं की चोवीस तास चालवून बघते, मग गिऱ्हाइकाला देते," ताई म्हणाली आणि भिंग पर्समध्ये ठेवून दिलं. तिच्या आवाजात राग नव्हता. तिने फक्त आपल्या कामाची पद्धत सांगितली होती.

रविवारी सकाळी दोघं क्लबवर गेली. गोदाम लांबट होतं, छताला वरून पांढऱ्या नळ्यांचे दिवे, जमिनीवर एक लाल रेषा, आणि दहा मीटरवर लोखंडी पत्र्याची भिंत. कप्तान साठीचा, पाठीतून जरा वाकलेला, बोलणं मोजकं. चष्मेवाल्याने कशासाठी आलो ते सांगितल्यावर त्याने एक रिकामं खोकं आणलं, त्यावर जाड पांढरा कागद ताणून बसवला आणि कागदापुढे बोटभर अंतरावर चष्मा दोरीने बांधला. कागद म्हणजे डोळा समजायचा.

आधी चष्मेवाल्याने स्वतःचा एक जुना, साधा चष्मा दिला. कप्तानाने छर्रा मारला. काच फुटून तिचे तुकडे कागदात रुतले. हे होणारच होतं, कोणाला नवल वाटलं नाही.

मग लेबलवाला पांढरा चष्मा बांधला. आवाज आधीसारखाच झाला. तिघं चालत खोक्यापर्यंत गेली. काचेला वाटाण्याएवढं भोक पडलं होतं आणि तिथून चारी बाजूंना तडे गेले होते. मागच्या कागदाला एक भोक होतं आणि त्याच्याभोवती काचेच्या टोकदार चिपा उभ्या होत्या. पलीकडचा उजेड त्या भोकातून दिसत होता.

चष्मेवाला खाली वाकून कागद बघत राहिला. त्याला आठवलं, हे चष्मे विकताना तो प्रत्येकाला नाकावर नीट बसतो का विचारायचा, काडी कानामागे टोचते का ते बघायचा, आरसा पुढे धरायचा. एकाला तर म्हणाला होता, आता निर्धास्त राहा.

"तिसरा," कप्तान म्हणाला.

तिसऱ्याला, त्या महागड्या चष्म्याला, छर्रा लागला आणि खाली पडला. काचेवर बोटाने दाबल्यासारखा एक धुरकट डाग राहिला. कागद कोरा होता.

कप्तानाने रायफल टेकवून ठेवली. "मलाही हे दीड वर्षापूर्वी करता आलं असतं," तो म्हणाला. "लोक चष्मा घालून येतात का तेवढं मी बघत होतो. कुठला घालतात याकडे कानाडोळा केला." मग त्याने टेबलावरचं रजिस्टर काढलं आणि चौदा नावं एका कागदावर उतरवून दिली. नवे चष्मे येईपर्यंत रेषेवर कोणीही उभं राहायचं नाही, असं त्याने दारावर लिहून लावलं.

दुसऱ्या दिवशी चष्मेवाल्याने घाऊक व्यापाऱ्याला फोन केला.

"लेबल आहे ना त्याच्यावर?" व्यापारी म्हणाला.

"लेबल आहे. पण छर्रा आरपार गेला."

"अहो, चष्म्यावर छर्रा मारतं कोण?"

"गिऱ्हाईक नेमबाज आहे."

"मग त्यांनी समोरच्या कागदावर मारायचा ना."

यापुढे बोलण्यात अर्थ नव्हता. व्यापाऱ्याने त्याच्या तोंडाला पानं पुसली होती, आणि ती पुसून घेताना आपणच मान डोलावत उभे होतो, हेही त्याला दिसत होतं. त्याने पदरमोड करून कोरीव शिक्क्याचे चौदा चष्मे मागवले. त्याची बायको जेवण वाढता वाढता म्हणाली, "अहो, पण तुम्हाला तरी कुठं ठाऊक होतं?"

"मी विचारलं नव्हतं," तो म्हणाला. "ठाऊक नसणं वेगळं."

पुढचे तीन आठवडे संध्याकाळी दुकान लवकर बंद करून तो एकेकाकडे गेला. पिशवीत नवा चष्मा, आणि पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये जपून ठेवलेला तो भोक पडलेला कागद. बहुतेकांनी मुकाट्याने जुना दिला, नवा घेतला. एक दातांच्या डॉक्टरीणबाई मात्र कुरकुरल्या. जुना हलका होता, हा नाकावर वजन देतो, शिवाय यात मी अगदीच वेल्डिंगवाली दिसते. चष्मेवाल्याने तिथंच बसून नाकाचे पॅड बदलून दिले. दिसण्याबद्दल त्याला काही करता येण्यासारखं नव्हतं.

बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ दारातूनच म्हणाले, "दीड वर्षात काही झालं नाही मला."

"होय. कोणालाच झालं नाही."

"मग?"

चष्मेवाल्याने पुठ्ठा उघडून कागद पुढे केला. गृहस्थांनी तो उजेडाकडे धरला. नंतर ते आत गेले, चष्मा आणून दिला आणि म्हणाले, "माझी नातही हाच लावते हो, रविवारी माझ्याबरोबर येते तेव्हा." चहा घ्या असं त्यांनी म्हटलं नाही आणि तोही थांबला नाही. घरी येताना रस्त्यात तो एका बाकावर बराच वेळ बसून होता.

चौदावा चष्मा घेणारी नर्स नोकरीसाठी दुसऱ्या गावाला गेली होती. फोन लागेना. तिच्या जुन्या इस्पितळातून पत्ता मिळाला, तेव्हा चार तासांचा बसचा प्रवास करून तो गेला. नर्सला आधी वाटलं काहीतरी विकायला आलाय. सगळं समजल्यावर ती हसली. नेमबाजी तिने केव्हाच सोडली होती. चष्मा ती कांदा चिरताना लावायची.

"कांद्याला चालेल," चष्मेवाला म्हणाला. पण जुना त्याने परत घेतलाच.

चौदाही चष्मे दुकानात जमा झाले, तेव्हा त्याने मागच्या खोलीत हातोडीने एकेक फोडला. त्याला वाटलं होतं की बरं वाटेल. तसं विशेष काही वाटलं नाही, चिपा गोळा करायला मात्र वेळ लागला.

आता ताईचा चष्मा राहिला होता. तिला नंबर असल्यामुळे तिची काच वेगळी बनवून घ्यावी लागणार होती. एका दुपारी ती मापं द्यायला आली. चष्मेवाल्याने तिला खिडकीकडे तोंड करून बसवलं, स्टूल ओढून समोर बसला आणि पट्टी तिच्या नाकावर धरली. दोन डोळे असले की दोन बाहुल्यांमधलं अंतर घेतात. इथे नाकाच्या मध्यापासून एकाच बाहुलीपर्यंतचं घ्यायचं होतं. काचेच्या डोळ्याचा रंग खऱ्याशी तंतोतंत जुळत नव्हता, किंचित फिका होता. इतक्या जवळून त्याने तो कधी पाहिला नव्हता.

"पट्टी हलतेय तुझी," ताई म्हणाली.

"तू हलतेयस."

"मी घड्याळजी आहे. मी हलत नाही."

त्याने माप लिहून घेतलं. मग पाठ वळवून, कागदावर बघतच विचारलं, "तू नंबर काढायला नेहमी पलीकडे का जायचीस?"

"तू कधी ये म्हणालास?"

"मला वाटलं, तुला माझ्यासमोर बसायला नको असेल."

"मला वाटलं, तुला नको असेल." तिने पर्स मांडीवर घेतली. "धाकट्या, तो बाण कोणी केला होता, आठवतं तुला?"

"मीच मारला."

"मारलास तू. केला कोणी ते विचारतेय." ती पुढे म्हणाली, "तार मी कापली होती. टोक मागच्या पायरीवर मी घासलं होतं, दोन दिवस. तू म्हणालास, कशाला एवढं टोकदार? मी म्हटलं, नाहीतर दारात रुतणार कसा. आणि दारावर खडूने काढलेलं वर्तुळ पुसट झालंय म्हणून ते नीट करायला मी मध्ये गेले. तुला थांब म्हणाले नाही. मला वाटलं, कळेल तुला."

"मला यातलं काहीच आठवत नाही."

"आठव्या वर्षी एवढा मार खाल्ल्यावर काय आठवणार? बाबांनी विचारलं, हे कोणाचं काम. मी पट्टी बांधून पडले होते. मला ऐकू येत होतं. मी बोलले नाही. आधी भीती वाटली म्हणून बोलले नाही, मग उशीर झाला म्हणून."

"त्रेचाळीस वर्षं."

"हो ना. उशीर एकदा झाला की वाढतच जातो."

चष्मेवाला पट्टी हातात घेऊन उभा होता. राग यायला हवा होता की हलकं वाटायला हवं होतं, हे त्याला ठरवता येईना. दोन्हींतलं थोडं थोडं होतं. एवढ्यात दार उघडून एक गिऱ्हाईक आलं, त्याच्या चष्म्याची काडी निघाली होती. चष्मेवाल्याने ती बसवून दिली. ते गेल्यावर त्याने ताईला विचारलं, "काच पांढरी करायची का पिवळी?"

"तू काय म्हणतोस?"

"हॉलमध्ये पांढरीच. डाव्या बाजूची धुरकट करून देऊ का? कप्तान म्हणत होते, काही नेमबाज तसं करतात, दुसऱ्या डोळ्याला काही दिसू नये म्हणून."

"त्याला काय दिसणार आहे?" ताई म्हणाली आणि मग दोघंही हसली. त्या डोळ्यावरून दोघं एकत्र हसण्याची ही पहिलीच वेळ होती. हसू फार टिकलं नाही, पण टिकलं तेवढं बरं होतं.

काच बनवणाऱ्या कारखान्याकडून त्याने मुद्दाम दोन जोड मागवले. एक खोक्यावर बांधून कप्तानाकडून मारून घेतला. कागद कोरा राहिला तेव्हा दुसरा ताईला दिला. ती दर रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी जाऊ लागली. वर्षअखेर क्लबची स्पर्धा झाली, त्यात बावीस जणांत तिचा नववा नंबर आला. दातांच्या डॉक्टरीणबाई तिसऱ्या आल्या.

क्लबने मग असं ठरवलं की चष्म्यांचा नवा माल आला की त्यातला एक मारून बघायचा आणि मगच बाकीचे विकायचे. ते काम कप्तानाचं. पण पुढच्या खेपेला नेमकी कप्तानाची पाठ धरली, डॉक्टरांनी त्याला पंधरा दिवस उताणा झोपवलं. इकडे माल येऊन पडला होता आणि तिघे नवे सभासद खोळंबले होते.

"मी मारते," ताई म्हणाली.

चष्मेवाला खोक्यावर चष्मा बांधत होता. गाठ मारून झाल्यावर तो रेषेपर्यंत चालत आला आणि म्हणाला, "नको. विकणार मी आहे. मीच मारतो."

त्या अंगणानंतर त्याने हातात साधी गलोलसुद्धा धरली नव्हती. ताईला हे ठाऊक होतं. तिने त्याला चष्मा आणि कानाला लावायचे बोळे दिले, रायफल भरून दिली, त्याचा डावा पाय स्वतःच्या पायाने थोडा पुढे सरकवला आणि खांदा दाबून खाली केला. मग हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघून घेतलं आणि मोठ्याने म्हणाली, "पुढे कोणी नाही. मी तुझ्या मागे आहे. मार."

पहिला छर्रा कुठे गेला ते दोघांनाही कळलं नाही. दुसरा खोक्याच्या कोपऱ्यात घुसला.

"श्वास अर्धा सोड आणि तिथंच थांब," ताई मागून म्हणाली. "आणि घोडा ओढू नकोस, दाबत जा. घाई कसली आहे?"

तिसरा उजव्या काचेवर मधोमध लागला. ती दोघं चालत खोक्यापर्यंत गेली. काचेवर धुरकट डाग होता. चष्मेवाल्याने चष्मा सोडला, मागचा कागद काढून नळीच्या उजेडाला धरला आणि दोन्ही बाजूंनी बघितला. मग तो ताईकडे दिला. तिने पर्स उघडून भिंग काढलं.